सासऱ्यांशी फक्त इंग्रजीत

मला बघायला आले त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी मला बघितलंच नाही. राणीसावरगावच्या आमच्या घरी पाहुणे बसले होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, पहिली बशी त्यांच्या हातात दिली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बशीसकट उठले. पुढचा सगळा वेळ आमच्या अंगणात गोठ्यापासून हौदापर्यंत आणि हौदापासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालत ते कुणाला तरी ‘से’ आणि ‘टेल’मधला फरक समजावून सांगत होते. “आरे, टेलला म्होरं माणूस लागतो. सेला नसला तरी चालतंय. तू तुझ्या बायकूला सकाळी काय म्हणलास, ते सांग बरं मला.” पलीकडचा काय म्हणाला कोण जाणे, पण हे खो खो हसले आणि म्हशीसमोर उभं राहून पहिल्यापासून सांगायला लागले. आत माझ्या वडिलांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांना वाटलं, मुलगी पसंत नाही, म्हणून पाहुण्यानं फोनचं निमित्त काढलं. पोहे गार झाल्यावर सासरे आत आले, उभ्या उभ्याच दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “आमच्याकडून पक्कं समजा. तारीख काढा.” माझी मावशी पुढं कितीतरी दिवस विचारत होती, की मास्तरनं पोरगी बघितली कधी?

पाथरीत त्यांना सगळे कदम सर म्हणत. उभी हयात त्यांनी तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाळा सुटली, पण लोकांच्या शंका काही सुटल्या नाहीत. जुने विद्यार्थी, त्यांचे भाऊबंद, भाऊबंदांचे शेजारी, सगळ्यांकडे त्यांचा नंबर. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, औषधाच्या दुकानात लागलेली एक मुलगी, परराज्यातून येणाऱ्या यात्रेकरूंना खोल्या देणारा लॉजवाला, कुणीही फोन करायचं. ‘मच’ कुठं आणि ‘मेनी’ कुठं, ‘सिन्स’ की ‘फॉर’, ‘मॅरीड विथ’ का चालत नाही. तो नंबर आता माझ्याकडे आहे आणि अजून वाजतो. फोन वाजला की ते उठायचे, कारण बसून त्यांना उत्तरच सुचत नसे. चालायला जागा नसली तर एका जागी उभं राहून पाय बदलत राहायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढ्यात ताट वाढून वाट बघत बसलेल्या असायच्या. “मी ताट वाढायला आन् ह्येंचा फोन वाजायला एकच गाठ,” असं म्हणून त्या भाकरीवर दुसरं ताट झाकून ठेवायच्या.

शंका विचारणाऱ्याला त्यांची एकच अट असे, वाक्य घरचं पाहिजे. “राम आंबा खातो, हे मला सांगू नको. कोन राम? कुठला? तुझ्या घरात आंबा कोन खातंय, ते बोल.” मग तो बिचारा आठवून आठवून आपल्या आजोबांचं नाहीतर धाकट्या बहिणीचं वाक्य करायचा, आणि त्या नादात त्याला कळायचं, की आपण इंग्रजी बोललो. नियम मागून यायचा. आधी नियम मागितला, की मामा, म्हणजे माझे सासरे, चिडायचे. “आधी बोल, मंग इचार,” हे त्यांचं पालुपद होतं.

एकदा मानवतला जाताना एस.टी.च्या कंडक्टरनं त्यांना गाठलं. बसमध्ये बसलेल्या माणसाला इंग्रजीत ‘ऑन द बस’ का म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. ‘ऑन’ म्हणजे वर. “परवासी काय टपावर बसलेत का, सर?” मामांनी नियम सांगितला. कंडक्टरनं मान हलवली, पण त्याला पटलेलं नव्हतं आणि ते मामांना दिसलं. झालं. घरी आल्यावर जेवणात लक्ष नाही, पेपरात लक्ष नाही, नुसता ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरा. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते त्याची गाडी गाठायला स्टँडवर जाऊन उभे राहिले. “ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिला ऑन. जिच्यात वाकून शिरून गप बसावं लागतं, त्या जीपला, रिक्षाला इन. तुझ्या यष्टीत चालता येतं का न्हाई?” कंडक्टर म्हणाला, गर्दी नसली तर येतं. त्यावर मामांचं समाधान झालं आणि ते घरी येऊन जेवले.

आता माझं सांगते. मी मूळची तोंडाळ. माहेरी मला गप बसवायला तीन माणसं लागायची. बी.ए., बी.एड. करून या घरात आले आणि तोंडाला कुलूप लागलं. कदमांच्या घरात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, हा जुना रिवाज. डोक्यावर पदर, ते ओट्यावर असतील तर आपण आत, ते आत आले तर आपण मागच्या दारी. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंच्या मार्फत. माझे यजमान, दिगंबर, मानवतच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात होते. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि स्वभावाने इतके शांत, की त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला विचारून आपणच उत्तर देणं. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. बाहेर सासरे फिरतायत, आत मी फिरतेय. मधे आत्याबाई तांदूळ निवडत बसलेल्या, त्या म्हणायच्या, “ह्या घराला भोवरा लागलाय का काय?”

मला नोकरी हवी होती. शिकवायचं होतं. आणि आता नोकऱ्या निघत होत्या त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. माझं इंग्रजी म्हणजे वाचलं तर कळतं, लिहिलं तर जमतं, बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते. बाहेर साऱ्या तालुक्याला फुकट इंग्रजी वाटलं जात होतं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून कान देत होते. एक दिवस मला राहवलं नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, विचारा ना त्यांना, ‘डिस्कस’च्या पुढं ‘अबाउट’ लागतं का. आत्याबाईंनी दोन पावलं पुढं टाकली आणि तो प्रश्न तस्साच ओट्यावर नेऊन ठेवला. मामा थबकले. समोरच्या कडुनिंबाकडे बघत, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यांनी उत्तर दिलं, घरचं उदाहरण देऊन. मी ते नीट ऐकलं होतं. तरी आत्याबाई वळल्या आणि सगळं मला पुन्हा सांगितलं. “म्हणायलेत, अबाउट लागत न्हाई. आन् भाजी खाली लागायली, ती बघ.”

असा आमचा वर्ग सुरू झाला. तिघांनाही सगळं ऐकू यायचं, पण प्रत्येक शब्द आत्याबाईंच्या तोंडून गेल्याशिवाय पोचला असं धरायचं नाही. त्या आपली पाळी कधी चुकवायच्या नाहीत. उलट त्यांना त्यात मजा वाटायला लागली. मधूनच मामांना म्हणायच्या, “हे तुमी परवा येगळं सांगितलं होतं.” बरोबर पकडायच्याही.

मग देवगाव फाट्याजवळच्या एका इंग्रजी शाळेतून निरोप आला. पाठ घेऊन दाखवायचा, सगळा इंग्रजीतून, संस्थेच्या माणसांसमोर. घरात दोन दिवस चर्चा झाली. रोज एवढ्या लांब जाणार, घराचं काय, लोक काय म्हणतील. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला. “एकदा जाऊन ये. झालं तर झालं. न्हाई झालं तर मंग नोकरीचं नाव काढायचं न्हाई.” दिगंबरनी मान हलवली. मामा ओट्यावर फिरत राहिले. मला कळलं, की हा एकच डाव आहे, हरले तर जन्मभर दारामागं.

मी शंकांचा सपाटा लावला. पाठ लिहून काढला, पाठ केला, प्रश्नावर प्रश्न पाठवले. आत्याबाई आत-बाहेर करून बेजार झाल्या. मामांची उत्तरं मात्र तोकडी होत चालली. ते अस्वस्थ होते. एका सकाळी मी कुठलीशी शंका पाठवली आणि बाहेरच्या फेऱ्या थांबल्या. फेऱ्या थांबल्या. मग आवाज आला. “दिगूची माय, आता तुझ्या तोंडून आलेला प्रश्न मी घेणार न्हाई. जिला अडलंय तिनं इचारावं.”

आत्याबाई म्हणाल्या, असं कधी या घरात झालंय का? मामा म्हणाले, “घरातल्या एका म्हाताऱ्यापुढं जिचं तोंड उघडत न्हाई, ती वर्गभर लेकरांपुढं काय बोलनार? मी तिला नियम दिले, जीभ न्हाई दिली. ती अशी देता येत न्हाई.”

आत्याबाईंना हे लागलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आजवर सगळं माझ्या हातून गेलं, आता मला मधून काढायला निघाले. त्या बोलेनाशा झाल्या. मामाही हट्टाला पेटले. लॉजवाल्याला, पोलीस भरतीवाल्यांना उत्तरं चालू, मला एक अक्षर नाही. आणि जेवायला बसत नव्हते. ताट यायचं, दोन घास मोडायचे, उठून फिरायला लागायचे. पाठाचा दिवस जवळ येत होता. मला दोघांचाही राग आला होता. एवढी माणसं या माणसाला विचारतात, मग माझ्याच जिवाशी हा खेळ का? आणि विचारायचं म्हणजे काय, कुठं बघून, कुठल्या शब्दांनी? ‘मामा’ म्हणून मी त्यांना मोठ्यानं कधी हाकही मारलेली नव्हती.

एका दुपारी त्यांचं ताट जसंच्या तसं परत आलं. आत्याबाई मोरीशी पाठ करून बसल्या होत्या. मी पदर ओढून घेतला, बाहेरच्या खोलीच्या दारात गेले, मामांकडे पाठ केली आणि भिंतीकडे बघत म्हटलं, “मामा, व्हाय यू आर नॉट ईटिंग?”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मागं चप्पल वाजायची थांबली. मग मामा इंग्रजीतच म्हणाले, “आय वॉज नॉट हंग्री. नाऊ आय ॲम. प्लीज ब्रिंग इट.” मी ताट आणून ठेवलं. ते बसून जेवले. अर्धी भाकरी जास्त मागितली, तीही इंग्रजीत. आत्याबाई आतून सगळं बघत होत्या. संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “म्हणायलेत, ‘व्हाय आर यू’ पायजे. दुपारी सांगवलं न्हाई म्हणं त्यांच्यानं.” एवढा निरोप तरी आपल्या हातून गेला, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

खरी तोड त्यांनीच काढली. शेजारच्या बाई भाजी निवडायच्या निमित्तानं आल्या आणि हळूच विचारलं, की सून सासऱ्याला समोरासमोर बोलती म्हणे? मी आत कान देऊन उभी. आत्याबाईंनी मेथीची जुडी सोडली आणि निवांत उत्तर दिलं, “इंग्रजी बोलती. बोलत न्हाई.” बाईंना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात नवा रिवाज पडला. मराठीत पूर्वीसारखंच, पदर, दार, निरोप आणि आत्याबाई. इंग्रजीत मात्र मोकळीक. मी ओट्यावर येऊन भिंतीकडे तोंड करून बोलायचे, मामा चालता चालता उत्तर द्यायचे. चुकलं की ओरडायचे, पुन्हा बोलायला लावायचे. “चुकीचं वाक्य नीट करता येतं, पोटात ठेवलेलं न्हाई करता येत,” हे ते मराठीत म्हणायचे, पण ते बोलणं आत्याबाईंना उद्देशून असायचं.

पाठाच्या दिवशी ते सोबत आले. सेलूला जीप बदलून आम्ही फाट्यावर उतरलो. शाळेत त्यांना खुर्ची दिली, पण ते कसले बसतात. मी वर्गात गेले. समोर मुलं, मागं संस्थेची माणसं. माझी पाचावर धारण बसली. लिहून पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. खिडकीतून मामा मैदानाच्या कडेनं चालताना दिसत होते. मी काय केलं असेल? फळ्याकडे तोंड फिरवलं. आमच्या ओट्यावर उभी असल्यासारखी. आणि भिंत समोर आल्याबरोबर जीभ सुटली. “माय मदर-इन-लॉ मेक्स द बेस्ट भाकरी इन पाथरी.” मुलं हसली. मी वळून विचारलं, तुमच्या घरात चांगलं काय आणि कोण करतं? एक मुलगी उठली, मग दुसरी, मग सगळा वर्ग. कुणाचे काका ट्रॅक्टर चालवत होते, कुणाची आई म्हशीचं दूध काढत होती. पाठ केलेला पाठ तसाच राहिला. शेवटी संस्थेचे एक गृहस्थ म्हणाले, बाई, शिकवता छान, पण सुरुवातीला फळ्याकडे तोंड का होतं? मी म्हटलं, घरची सवय आहे, जाईल. नोकरी मिळाली.

पुढची वर्षं भरभर गेली. सकाळी गाडी, दिवसभर शाळा, संध्याकाळी पोरांच्या शंका घेऊन मी घरी यायचे आणि मामा दारातच फेऱ्या मारत असायचे, आज काय आणलं म्हणून. आम्ही इंग्रजीत भांडायचोही. त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला होता. मी म्हणायचे, यू हॅव ऑलरेडी टेकन टी. ते म्हणायचे, दॅट वॉज ओन्ली हाफ. आत्याबाईंना आता सगळं समजायचं. त्या तिसऱ्या कपाची बातमी मला न विचारता सांगायच्या.

पण इंग्रजीची एक सीमा होती आणि ती मला नको त्या वेळी कळली. माझे वडील गेले तेव्हा मामा राणीसावरगावला आले. त्याच अंगणात ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचे पाय जागेवर बदलत होते. म्हणाले, “आय ॲम व्हेरी सॉरी, रेखा.” मी म्हटलं, “थँक यू, मामा.” दोन्ही वाक्यं बरोबर होती. त्यांना याहून जास्त म्हणायचं होतं आणि मला त्यांच्यापुढं रडायचं होतं. पण रडणं मराठीतलं, आणि मराठीत आमचं बोलणं नव्हतं. ते वळून गोठ्याकडे चालत गेले. मी आत गेले. तेव्हापासून मला अधूनमधून वाटायचं, की हे असं किती दिवस चालायचं? पण रोजच्या धावपळीत विषय मागं पडायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयानं दगा दिला. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं, अजिबात हालचाल नाही. ज्या माणसानं आयुष्यात बसून एक उत्तर दिलं नाही, त्याला पाठीवर झोपवून ठेवलं होतं. चादरीखाली पाय सारखे हलत होते. नर्स येऊन धरायची, सोडले की पुन्हा सुरू. फोन दिगंबरनी बंद करून ठेवला, तर विचारत होते, कोन अडकून बसलं आसंल.

त्या दुपारी दिगंबर औषधं आणायला खाली गेले होते. आत्याबाई पलंगाजवळच्या स्टुलावर, मी पायथ्याशी उभी, डोक्यावर पदर. मी नेहमीसारखं विचारलं, “हाऊ आर यू फीलिंग, मामा?” त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, “इंग्रजी पुरे झालं, पोरी. आता मराठीत बोल.”

मी आत्याबाईंकडे बघितलं. इतक्या वर्षांची सवय, निरोप त्यांच्या हाती द्यायचा. त्या हळूच उठल्या, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, “बस. मी न्हाई आता मधी.” आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मी बसले. मामांचा हात हातात घेतला. जे होतं तेच तोंडून आलं.

“मामा, मला लय भ्या वाटायलंय.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चादरीखालचे पाय थांबले.

“मलाबी,” ते म्हणाले.

मराठीत आमचं एवढंच बोलणं झालं.